चालत्या गाडीचा बिघाड

लडक्या वरठाला आपण कॉम्प्युटर शिकवणार आहोत, हे सोनलनं घरी सांगितलं तेव्हा तात्या जेवत होते. त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"कोण लडक्या? वेवजीचा? अच्छाडला जतीनकडे आहे तो?"

"हो. तुम्ही ओळखता?"

"ओळखतो काय विचारतेस. आपल्या वाडीतलं पंपाचं इंजिन पंधरा वर्षं त्याच्या जिवावर चाललं. बांधावरून चालत यायचा आणि इंजिन नजरेला पडायच्या आधीच सांगायचा, वॉल्व्ह गेलाय म्हणून. त्याला तू शिकवणार?" तात्या हसले आणि घास तोंडात घातला. "शिकव बाई. माशाला पोहायला शिकव."

सोनलला राग आला. बाप हसला की पोरीला राग येतोच, त्यात ही सव्वीस वर्षांची, बी.एस्सी. आयटी झालेली, आणि बोर्डीहून तलासरीपर्यंत रोज स्कूटी हाकणारी. तलासरीच्या एका खाजगी प्रशिक्षण केंद्रात ती कॉम्प्युटर शिकवायची. सकाळी मोटार मेकॅनिकच्या कोर्सची मुलं असायची, आणि दसऱ्यापासून रविवारी दुपारी वर्कशॉपमध्ये काम करणारे मिस्त्री येणार होते. तात्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण ते अर्धंच होतं, कारण तात्यांच्या पंपात कॉम्प्युटर नव्हता.

नव्या गाड्यांत तो होता. ते साल २०१७. एप्रिलपासून नव्या नियमाच्या गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. बाहेरून बघाल तर तेच इंजिन आणि तेच डिझेल, पण डिझेल किती आणि कधी सोडायचं हे आता एक डबा ठरवायचा, आणि त्या डब्याशी बोलायचं तर लॅपटॉप जोडावा लागायचा. जतीनशेठचं वर्कशॉप अच्छाडला हायवेला लागून होतं आणि एका मोठ्या कंपनीचं अधिकृत होतं. त्या कंपनीचं पत्र आलं. जानेवारीपासून ज्यानं परीक्षा पास केली त्यालाच स्वतःचा नंबर मिळेल. नंबर नसेल त्याच्या नावावर जॉब कार्ड, म्हणजे कामाची नोंद, उघडणार नाही, आणि जॉब कार्ड नसेल तर नव्या गाडीचं बॉनेट उघडायचं नाही.

जतीनशेठनं ते पत्र लडक्याला वाचून दाखवलं. लडक्या चौथीपर्यंत शिकलेला, वय सत्तेचाळीस, आणि त्यातली तीस वर्षं इंजिनात गेलेली.

"लडक्या, तू माझा कान आहेस," जतीनशेठ म्हणाला. "पण कंपनीला कान चालत नाही. तिला छापलेला कागद लागतो. पास हो बाबा. नाही झालास तर मला तुला ग्रीसिंगच्या खड्ड्यात पाठवावं लागेल. पगार तोच राहील, त्याची काळजी करू नको."

माणूस वाईट नव्हता, म्हणून तर पगाराचं लगेच बोलला. पण लडक्याला पगाराचं काही वाटलं नाही. खड्ड्यात उतरायचं म्हणजे गाड्या डोक्यावर येऊन उभ्या राहणार. वर इंजिन रडत असणार, काय दुखतंय ते आपल्याला कळत असणार, आणि हात लावायची मुभा नसणार. हे त्यानं सोनलला पहिल्याच रविवारी सांगितलं, वर्ग सुटल्यावर, दारात चप्पल घालता घालता. "बहिरा असतो तं चाललं असतं, मॅडम," असंही म्हणाला.

सोनलला ते लागलं. पण लागलं म्हणून शिकवता येतं असं थोडंच आहे? पहिले तीन रविवार तिनं चक्क वाया घालवले. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात होतं तसं तिनं मॉनिटर, कीबोर्ड, माउस यांची ओळख करून दिली आणि मग सगळ्यांना पेंटमध्ये फूल काढायला लावलं. पाच मिस्त्री, सगळे चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, ज्यांच्या हाताला पाना लागला की नट ओरडत बाहेर येतो असे, ते बिचारे मान खाली घालून गुलाबी रंगाच्या पाकळ्या भरत होते. तिसऱ्या रविवारी दोघे आलेच नाहीत. लडक्या येत राहिला. इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, शेवटच्या चार नंबरच्या मशीनवर बसायचा आणि माउस असा आवळून धरायचा की जणू तो पळूनच जाणार होता. बाण पडद्यावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात भिरभिरायचा आणि लडक्याच्या कपाळावर घाम यायचा.

त्या दिवशी शुक्री लॅबमध्ये होती. सकाळच्या मोटार मेकॅनिकच्या बॅचमधली ही एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची, वेवजीचीच. रविवारी ती सोनलच्या मदतीला यायची. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "मॅडम, एक बोलू? राग नाय ना येणार?"

"बोल."

"तुमी ह्यांना फुलं काढायला देता. फुलं काय त्यांच्या घरी नाय? त्यांना पंप खोलायला द्या ना."

शिकवणाऱ्याला असं कुणी तोंडावर सांगितलं की आधी राग येतो आणि मग बरं वाटतं. त्या रात्री तिनं कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमधली चित्रं उचलली, डिझेल पंपाचा एकेक भाग वेगळा केला आणि पडद्यावर विखरून ठेवला. पुढच्या रविवारी पाचही मिस्त्री आले तर समोर पंप खोलून पडलेला. पकडा, ओढा, जागेवर नेऊन सोडा. लडक्यानं पहिली स्प्रिंग बाणानं धरली, ती दोनदा सुटली, तिसऱ्यांदा त्यानं श्वास रोखून ती जागेवर नेली. तासाभरात पंप जुळला. "वॉशर राहिला," तो म्हणाला, आणि खरंच सोनल चित्रात एक वॉशर घ्यायला विसरली होती.

त्यानंतर गाडी रुळावर आली, नव्हे, धावायलाच लागली असं म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरं नाही. रखडत चालली. टायपिंगचंच बघा. लडक्याला इंग्रजी अक्षरं येत होती. कुठून, तर नंबर प्लेटवरून. GJ म्हणजे गुजरात, MH आपलं, DN म्हणजे सिल्वासा, RJ म्हणजे लांबून आलेली आणि ड्रायव्हर घाईत. कीबोर्डवर अक्षरं मोठीच छापलेली असतात, त्यामुळे G आणि J त्याला झटक्यात सापडायचे. पण दाबलं की पडद्यावर उमटायचं भलतंच, लहान लिपीतलं, जे कुठल्याच नंबर प्लेटवर नसतं. लडक्याला वाटायचं आपलं चुकलं. तो ते पुसायचा आणि पुन्हा दाबायचा, पुन्हा पुसायचा. दोन रविवार तो असा पुसत बसला आणि सोनलला काही बोलला नाही. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं एक बटण दाबून अक्षरं कायमची मोठी करून दिली. लडक्यानं एका बोटानं MH 48 टाइप केलं, पडद्यावर तसंच उमटलेलं पाहिलं, आणि लहान मुलासारखा हसला. सोनलला स्वतःची लाज वाटली. इतकी साधी गोष्ट तिला आधी सुचायला हवी होती.

कानाचं मात्र तात्या सांगत होते ते तंतोतंत खरं होतं. नोव्हेंबरमध्ये एकदा लडक्या मशीनच्या डब्याला कान लावून म्हणाला, "मॅडम, ह्याच्या पंख्याचं बेअरिंग चाललंय." सोनलनं मान हलवली आणि पुढे शिकवत राहिली. गुरुवारी चार नंबरचं मशीन धूर काढून बंद पडलं. रविवारी ती त्याला सांगायला गेली तर तो नुसता "हां" म्हणाला.

या कानामागे एक पद्धत होती, आणि ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. पूर्वी गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाडच्या तपासणी नाक्यावर ट्रकांच्या मैल मैल रांगा लागायच्या. रांग मुंगीच्या पावलानं सरकायची आणि ड्रायव्हर इंजिन बंद करायचा नाही, कारण बंद केलं आणि पुन्हा लागलं नाही तर मागचा पुढे घुसणार. मिस्त्री रांगेच्या कडेनं चालत जायचे. चालता चालता ऐकायचं, कळलं की बॉनेट उचलायचं, चालत्या इंजिनात हात घालायचा आणि गाडी पुढे सरकायच्या आत बाहेर काढायचा. विचारायला वेळ नाही, बघायला वेळ नाही. लडक्या या रांगेत तयार झाला होता. त्याचा हात डोक्याच्या आधी पोचायचा.

आणि कंपनीची रीत नेमकी उलटी. आधी केबल जोडा, गाडी निवडा, दोष वाचा, दोष सेव्ह करा. मग दुरुस्ती. मग पुन्हा वाचा, मग रिपोर्ट. सोनलनं हा क्रम सगळ्यांकडून पाढ्यांसारखा घोकून घेतला. लडक्या तो झोपेतही म्हणू शकला असता. पण सराव चालला होता लॅबमध्ये, पंख्याखाली, जिथं एकही इंजिन चालू नव्हतं. ही सोनलची चूक झाली आणि ती तिला परीक्षेच्या दिवशी दुपारी तीन वाजता कळली.

परीक्षा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जतीनशेठच्याच वर्कशॉपमध्ये होती. पुण्याहून एक परीक्षक आले होते, बारीक चणीचे, हातात फाइल, चेहऱ्यावर ना राग ना लोभ. सकाळी लेखी झाली. चाळीस प्रश्न, वीसला पास. लडक्याला एकवीस मिळाले. सोनलनं यादी तीनदा वाचली आणि शुक्रीला फोन करून सांगितलं. दुपारी प्रात्यक्षिक. अंगणात कंपनीची एक पिकअप उभी होती. प्रत्येकाच्या आधी परीक्षक तिच्यात एक वेगळा बिघाड करून ठेवायचे, आणि उमेदवारानं वीस मिनिटांत तो लॅपटॉपवर वाचून, सेव्ह करून, त्याची दुरुस्ती निवडून दाखवायची. प्रशिक्षकानं समोर उभं राहायला हरकत नाही, फक्त बोलायचं नाही.

प्रवीण नावाचा तरुण मिस्त्री पास झाला. आणखी दोघे झाले. चौथा नापास झाला आणि भिंतीला टेकून बसून राहिला. पाचवा लडक्या.

परीक्षकांनी बिघाड करून गाडी चालू ठेवली आणि चौथ्याचे मार्क मांडायला मान खाली घातली. "या," ते न बघता म्हणाले.

लडक्या शेडमधून निघाला. लॅपटॉप उजवीकडे टेबलावर होता, गाडी डावीकडे, बॉनेट उघडं. सोनल मनातल्या मनात क्रम म्हणत होती. केबल, गाडी, वाचा, सेव्ह. लडक्याचे ओठही तेच म्हणत होते, तिला दिसत होतं. चार पावलं तो नीट टेबलाकडे गेला. पाचव्या पावलाला त्याची मान किंचित वळली. पुढे काय झालं ते सांगायला जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्यातही संपलं. तो जाता जाता गाडीकडे झुकला, हात इंजिनात गेला, टक असा आवाज झाला, हात बाहेर आला, आणि तो टेबलाशी जाऊन बसला.

इंजिन एका लयीत चालू लागलं. सोनलनं जतीनशेठकडे पाहिलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला होता.

लडक्याला पत्ताच नव्हता. त्यानं केबल जोडली. गाडी निवडली. पहिल्यांदाच बाण जिथं हवा तिथं थांबत होता. त्यानं 'दोष वाचा' वर दाबलं आणि वाट पाहिली. पडद्यावर आलं, कोणताही दोष नाही. त्यानं पुन्हा दाबलं. तेच आलं.

"साहेब, गाडीत काय खोट नाय," तो म्हणाला.

परीक्षकांनी मान वर केली. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला, गाडीपाशी जाऊन आत वाकून पाहिलं, आणि मग लडक्याकडे पाहिलं. "डिझेल सोडणाऱ्या इंजेक्टरच्या वायरीचा कनेक्टर मी ढिला केला होता. कुणी बसवला?"

लडक्या आधी गोंधळला. मग त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटांना ताजं काळं लागलं होतं.

"मीच बसवला," तो म्हणाला. "कळला नाय मला."

जतीनशेठ पुढे आला. "साहेब, त्यानं चालता चालता पकडला. एका सेकंदात. ह्याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे तुम्हाला?"

"मी पाहिलं नाही," परीक्षक म्हणाले. "पाहिलं असतं तरी कानाला माझ्याकडे रकाना नाही. दोष वाचला, नाही. सेव्ह केला, नाही. काय लिहू सांगा. जुन्या दोषांची यादी आहे, पण तिच्यात सकाळपासून चार जणांचे दोष पडलेत. त्यातला ह्यांचा कुठला, ते कसं ठरवणार?" त्यांनी घड्याळ पाहिलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "अजून चौदा मिनिटं आहेत. मला दुसऱ्यांदा बिघाड करता येत नाही, तसा नियम आहे. त्यांनी स्वतः कनेक्टर परत काढावा, दोष आणावा आणि पहिल्यापासून करावं. मी हरकत घेणार नाही."

सोनलनं सुटकेचा निःश्वास टाकला. जतीनशेठनं लडक्याच्या पाठीवर थाप मारली. "काढ. पटकन काढ."

लडक्या जागचा हलला नाही.

"नाय, शेठ."

"नाय काय? काढ म्हणतो ना?"

"चालती गाडी बिघडवायची नाय."

जतीनशेठला आधी वाटलं तो थट्टा करतोय. पण सोनलला त्याचा चेहरा दिसत होता. नाक्यावरच्या रांगेत दोन जातीचे मिस्त्री असायचे. एक बिघडलेलं सुधारणारे, आणि दुसरे, जे बॉनेट उचलल्यावर एक चांगली वायर गुपचूप ढिली करायचे, म्हणजे गाडी पुढच्या वळणावर त्यांच्याच भावाकडे बंद पडायची. ड्रायव्हर लोक राजस्थान-पंजाबपर्यंत नावं सांगायचे, ह्याला हात लावू द्या, त्याला नको. लडक्याचं नाव पहिल्या यादीत होतं. तीस वर्षांत त्यानं दुसरं काही कमावलं असेल नसेल, ते नाव कमावलं होतं.

"रघ्या मिस्त्रीनं पाना हातात दिला तवा पयलं हेच सांगितलेला," लडक्या परीक्षकांना म्हणाला. रघ्या त्याचा उस्ताद, दहा वर्षांपूर्वी वारलेला. "जमलं नाय तं जमलं नाय बोलायचा. पण चालती गाडी बिघडवायची नाय. मी खड्ड्यात बसन साहेब. लिवा तुमी नापास."

"अरे ही काय कुणाची गाडी आहे का, परीक्षेची गाडी आहे," जतीनशेठ कळवळून म्हणाला. "मी काढतो. साहेब, मी काढू?"

"वर्कशॉपच्या माणसांनी हात लावायचा नाही," परीक्षक म्हणाले.

सोनलला लडक्याचा राग आला, खरंच आला. तीन महिने. फुलं, पंप, नंबर प्लेट, एका बोटानं टाइप केलेली वाक्यं, आणि हा माणूस एका कनेक्टरसाठी सगळ्यावर पाणी सोडायला निघाला होता. राग आला आणि त्याच दमात तिला हेही कळलं की हा माणूस असा आहे म्हणूनच तात्या त्याच्या हातात डोळे मिटून इंजिन द्यायचे.

"साहेब," ती म्हणाली, "मी काढला तर?"

परीक्षकांनी फाइल चाळली. एक पान पुढे, एक पान मागे. "प्रशिक्षकांनी गाडी तयार करून द्यावी, असं लिहिलेलं आहे," ते म्हणाले. "तुम्ही हात लावू शकता."

सोनल लडक्याकडे वळली. "लडक्याभाऊ, मी बिघडवली तर चालेल?"

लडक्यानं विचार केला. घड्याळ चाललं होतं आणि तो शांतपणे विचार करत होता.

"तुमी गाडीचं काम शिकलात कधी?"

"नाही."

"मग चालन," तो म्हणाला. "शिकणाऱ्याच्या हातून गाडी बिघडतेच. त्याला दोष नाय."

अकरा मिनिटं राहिली होती. सोनलनं ओढणी कमरेला खोचली आणि चालू गाडीत हात घालायला गेली. "थांबा," लडक्या एवढ्या जोरात म्हणाला की ती दचकली. "पयली चावी बंद. त्या वायरीत झटका असतो." स्वतः मघाशी त्याच वायरीला चालू इंजिनात हात घालून आलेला हा माणूस आता चावी बंद झाल्याची दोनदा खात्री करून घेत होता. मग तो तिच्या शेजारी उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे बांधून, कारण त्याला स्वतःच्या हातांचा भरवसा नव्हता.

"वर लोखंडाची नळी दिसते? तिला नका धरू. तिच्या खाली जा. अजून. बोटाला चौकोनी लागला? तो नाय, त्याच्या बाजूचा."

"हा?"

"हां. त्याला एक जीभ हाय. ती दाबायची आणि मग ओढायचा. आधी ओढाल तं तुटन."

तिला जीभ सापडेना. सापडली तर दाबली जाईना. इंजिन तापलेलं, मनगटाला कशाचा तरी चटका बसला, तिनं ओठ दाबले. तीन महिने ती त्याला सांगत होती, जोर नको, हलकं दाबा, दोनदा. आता तो तिला सांगत होता, "जोर नको मॅडम. हलकं. जिभेवर बोट ठेवा नुसतं." चार मिनिटं गेली. मग तिच्या बोटाखाली काहीतरी दबलं आणि कनेक्टर हातात आला.

परीक्षकांनी चावी फिरवली. इंजिन लागलं, आणि सोनलला ऐकू आलं. चार ठोक्यांत एक ठोका रिकामा जात होता, लंगडणाऱ्या माणसाचं पाऊल पडावं तसा. सकाळपासून ती या गाडीपाशी उभी होती आणि सगळी इंजिनं तिला सारखीच वाटत होती. आता तो रिकामा ठोका तिच्या छातीत वाजत होता.

"झाला बिघाड," लडक्या म्हणाला आणि टेबलाकडे गेला. मान वळू नये म्हणून त्यानं गाडीकडे सरळ पाठ केली.

सहा मिनिटं. त्यानं गाडी निवडली. दोष वाचला. तिसऱ्या इंजेक्टरचं सर्किट तुटलं आहे, असं पडद्यावर आलं, आणि त्यानं ते बोट फिरवत सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. सेव्ह करताना नाव विचारलं गेलं. तो एका बोटानं अक्षर अक्षर शोधू लागला, आणि सोनलला वाटलं आपण ओरडून सांगावं, राहू द्या नाव, नुसता आकडा टाका. तिनं तोंडावर पालथा हात दाबून धरला. नाव पुरं झालं. सेव्ह झालं. आता दुरुस्ती कुठली करायची, याचे चार पर्याय पडद्यावर होते, आणि पहिलाच होता, इंजेक्टर बदला. लडक्यानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कनेक्टर तपासा, यावर बाण नेला आणि दाबलं. पन्नास सेकंद उरले असताना त्यानं हात टेबलावरून उचलले.

परीक्षकांनी पडदा वाचला, रकाने भरले, सही केली. दुरुस्तीचा पर्याय बरोबर निवडला म्हणून दुरुस्ती मान्य, असं म्हणाले. "पास," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा जरा हसले. "मिस्त्री, एक विचारू? तुम्हाला कानानं कळतं. मग हे तुम्हाला कशाला पाहिजे?"

"खड्ड्यात नाय जायचं म्हणून," लडक्या म्हणाला. एवढं खरं उत्तर त्या फाइलीत दिवसभरात कुणी दिलं नसेल.

मग एकच गलका झाला. जतीनशेठनं लडक्याला मिठीच मारली. प्रवीणनं चहा सांगितला. भिंतीला टेकून बसलेला चौथाही उठून आला आणि लडक्याचा हात हलवून गेला. सोनल बाजूला उभी होती, शुक्रीला फोन लावायचा होता पण फोन धरायला हात नव्हता, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. लडक्या तिच्याकडे आला. आता हा आभार मानणार, आणि मग आपल्याला रडू आवरणार नाही, असं तिला वाटलं.

"मॅडम," तो म्हणाला, "गाडी अजून बिघडलेली हाय."

खरंच. सगळे विसरले होते. अंगणात ती पिकअप तशीच लंगडत उभी होती.

"तुम्ही बसवा ना आता. आता तर तुम्ही पास झालात."

"नाय. ज्यानं काढला त्यानंच बसवायचा." त्यानं जाऊन चावी बंद केली, परत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हात पाठीमागे बांधले. "सावकाश. घाई नाय आता."

या वेळी तिला नळी लगेच सापडली, नळीखालचा चौकोनी सापडला, त्याच्या बाजूचा सापडला. तिनं कनेक्टर सरळ धरला आणि दाबला. तो बसला नाही. तिनं जरा फिरवून पुन्हा दाबला, आणि टक झालं. लडक्यानं चावी मारली. तो मान खाली घालून ऐकत राहिला, बराच वेळ, जितका वेळ तो कुठल्याही मिस्त्रीचं काम ऐकत असेल तितका.

सोनलही ऐकत होती. चार ठोके, चारही भरलेले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायला एकही बोट स्वच्छ नव्हतं, म्हणून तिनं ते तसंच वाहू दिलं.